मरो, पन सांगून मरो

पुंजाजीभाऊंच्या ओसरीत भिंतीला ओळीनं खिळे ठोकलेले आहेत आणि प्रत्येक खिळ्याला एक-एक मेलेली वस्तू टांगलेली आहे. सायकलची फाटकी ट्यूब, मूठ तुटलेलं खुरपं, जळालेली इस्त्री, एक अर्धी चप्पल. प्रत्येकीला दोऱ्यानं पुठ्ठ्याचा तुकडा बांधलेला. ट्यूबच्या तुकड्यावर लिहिलंय, 'ट्यूब. मागचं चाक. पुसद नाका. भर दुपार. बाभळीचा काटा.' खुरप्याच्या तुकड्यावर, 'खुरपं. मेथीचा वाफा. सकाळ. मूठ आधीच भेगाळली होती.' पहिल्यांदा येणाऱ्या माणसाला वाटतं, हा काहीतरी जादूटोणा असावा. भाजीचे पैसे द्यायला आलेला एक अडत्या ते पाहून ओसरीतूनच परत गेला होता.

"टोना नाई," पुंजाजीभाऊ सांगतात, "पंचनामा हाये. मरो, पन सांगून मरो. न सांगता मेली वस्तू म्हनजे उद्या दुसरी बी तशीच मरते."

वाशीमला आमचं दोघांचं मिळून दुकान आहे. मी प्रोग्रॅम लिहितो, ते मशीन सांभाळतात. व्यापारी, दालमिलवाले, कृषी केंद्रवाले यांच्या पावत्या, बिलं, वजनं आमच्या प्रोग्रॅमवर निघतात. पुंजाजीभाऊंचं घराणं बागायती माळ्याचं. त्यांचे भाऊ वांगी, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर पिकवतात आणि पहाटे क्रेट भरून बाजारात नेतात. हे एकटेच वाफ्यातून उठून कीबोर्डावर आले. पण बाण्यात फरक पडला नाही. वांग्याला कीड लागली तर रोप उपटून मुळापासून शेंड्यापर्यंत तपासणारा माणूस मशीन बंद पडल्यावर नुसतं बटण दाबून पुन्हा चालू करील कसा?

बटण दाबून पुन्हा चालू करणाऱ्यांबद्दल त्यांना खरोखर चीड आहे. "आपल्या जिल्ह्यात दोनच डॉक्टर," ते म्हणतात, "एक सलाईन लावते अन् एक रीस्टार्ट करते. दोघाईले बी रोग माहीत नाई."

एकदा माझ्या पुतणीच्या लग्नात ऐन जेवणाच्या वेळी लाऊडस्पीकर मेला. साउंडवाल्यानं वायर हलवली, स्पीकर जिवंत झाला, लोकांनी बिर्याणीकडे मोर्चा वळवला. पुंजाजीभाऊ मात्र साउंडवाल्याच्या मागे. "काहून बंद पडला होता?" तो म्हणाला, "चालू झाला ना काका?" हे म्हणाले, "चालू काहून झाला थे नाई इचारलं. मेला काहून थे सांग." बिचारा ताट हातात घेऊन तंबूभर फिरला आणि हे त्याच्यामागे फिरले. शेवटी एका पिनेला गंज सापडला. तेव्हा कुठे दोघं शेजारी बसून जेवले, आणि साउंडवाल्यानं त्यांना स्वतःच्या ताटातली मटणाची बोटी दिली.

आता ज्या गोष्टीवर त्यांचा सगळ्यात जास्त जीव आहे, ती सांगतो. कुठलाही प्रोग्रॅम चालता चालता कोसळला, की मरायच्या क्षणी त्याच्या डोक्यात जे काही असेल, म्हणजे कुठलं नाव, कुठला आकडा, कुठली ओळ चालू होती, ते सगळं एका फायलीत उतरवून ठेवायची सोय ऑपरेटिंग सिस्टीममध्ये असते. बहुतेक ठिकाणी ती बंदच ठेवतात, कारण फाईल मोठी होते आणि वाचायला कुणाला वेळ नसतो. जिथे ती चालू असते तिथे फायलीचं नाव अनेकदा नुसतं 'कोर'. दुसरा प्रोग्रॅम मेला तर त्याचंही नाव 'कोर', आणि तो येऊन पहिल्याच्या उरावर बसतो. पहिल्याचा पुरावा पुसला जातो.

"पाहा आता," पुंजाजीभाऊ हे दर नव्या गिऱ्हाइकाला सांगतात, "सारं गाव मेलं तरी मसनात मढं एकच, अन् त्याचं नाव कोर!"

मग ते त्या मशीनमध्ये एक ओळ लिहितात. त्या ओळीत टक्क्याची खूण आणि एक अक्षर अशा जोड्या असतात. एका जोडीनं फायलीच्या नावात मेलेल्या प्रोग्रॅमचं नाव येतं, दुसरीनं वेळ, तिसरीनं मशीनचं नाव. फाईल कुठे ठेवायची तेही त्याच ओळीत. ती कामाच्या जागी ठेवायची नाही, वेगळ्या डिस्कवर ठेवायची. "मढं सयपाकघरात ठेवत नाईत," हे त्याचं कारण. या सगळ्या कामाला ते 'बारसं' म्हणतात. "जल्माचं बारसं सारेच करतात. मरनाचं कोन करते? आपन." ओळ लिहून झाली की मुद्दाम एक प्रोग्रॅम मारून पाहतात, आणि योग्य जागी योग्य नावाची फाईल पडली की त्यांच्या चेहऱ्यावर बारशाला पेढा खाल्लेल्या मामाचं समाधान येतं.

हे अंगाशी आलं नाही असं नाही. एका कापड दुकानात त्यांनी बारसं केलं, पण जुन्या फायली काढून टाकायची सोय करायला विसरले. वेगळी डिस्कही तिथे नव्हती. प्रोग्रॅम मरत गेला, फायली साठत गेल्या, आणि ऐन दिवाळीच्या गर्दीत मशीन गच्च भरून ठप्प झालं. दुकानदारानं आम्हाला जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. दुसऱ्या दिवशी ओसरीत नवा खिळा होता. त्याला काहीच टांगलेलं नव्हतं, नुसता पुठ्ठा: 'कापड दुकान. गिऱ्हाइकी टायमाले. अति काळजी.'

आता थोडं माझ्याबद्दल सांगावं लागेल. मी कमी बोलणारा माणूस आहे. शांत आहे म्हणून नाही, भितो म्हणून. कुठेही काही बिघडलं की ते माझ्यामुळेच बिघडलं असणार असं मला लहानपणापासून वाटत आलं आहे. शेजारच्या गल्लीत लाईट गेली तरी मी आधी आमचा मिक्सर बंद करतो. बायको म्हणते, "आप तो ऐसे आदमी हो, कि अंपायर से पहले खुद ही उंगली उठा दो." पण तिला माहीत नाही ते असं, की मनातल्या मनात उंगली वर करणारा माणूस तोंडानं सहसा काही कबूल करत नाही. मनातच इतका दंड भरतो की बाहेर भरायला काही उरत नाही.

गेल्या हंगामात रिसोडहून एका शेठचा फोन आला. त्यांची सोयाबीनची खरेदी. धरमकाट्यावर गाडी चढली की ऑपरेटर शेतकऱ्याचं नाव आणि गाव टाकतो, वजन आपोआप येतं, पावती निघते. प्रोग्रॅम माझाच. वर्षानुवर्षं बिनबोभाट चालला होता. त्या हंगामात शेतकऱ्यांनी मराठी पावत्या मागितल्या म्हणून मी तो मराठी करून दिला होता. आणि आता तो मधेच मरत होता.

आम्ही मोटारसायकलवर रिसोडला गेलो. काट्यावर गाड्यांची रांग, सोयाबीनच्या कट्ट्यांवर, म्हणजे पोत्यांवर, पोरं झोपलेली. शेठ खुर्चीतून उठले नाहीत.

"तुमचा प्रोग्रॅम चांगला हाये, अय्युबभाई," ते म्हणाले. "माह्या भाच्याच्या हातून एकडाव नाई मेला. निर्मलाबाई बसली की मरते. बाईच काहीतरी वंगाळ दाबते. सोमवारपासून तिले नका येऊ म्हनतो."

निर्मलाताई तिथेच, काट्याच्या खोलीत, काचेमागे बसल्या होत्या. चाळिशीच्या बाई, चष्मा नाकावर. रोज गावाहून जीपनं यायच्या. नवऱ्याचं चपलांचं दुकान उठल्यापासून घर यांच्या पगारावर होतं. त्या काचेमागूनच म्हणाल्या, "मी काई वंगाळ दाबत नाई. जे समोरच्याच्या ओठात हाये थे लिहते."

"म्हनजे?" शेठ म्हणाले.

"म्हनजे मानूस जसं नाव सांगते तसं."

पुंजाजीभाऊ तोवर मशीनपाशी बसलेसुद्धा. "नाव नाई, गाव नाई, नुसता कोर! बारसं करा लागते." शेठना त्यांनी सगळं समजावून सांगितलं. मढं, मसन, वेगळी डिस्क, टक्क्याची खूण. शेठ हुशार माणूस. त्यांनी बरोबर मुद्दा पकडला.

"मंग त्याच्यात ऑपरेटरचं नाव बी येते काय? दोघाईचे लॉगिन येगळे हायेत."

येतं. तशीही एक जोडी आहे. वापरणाऱ्याचा नंबर फायलीच्या नावात येतो. सोयच आहे.

"थे घाला," शेठ म्हणाले. "कोनाच्या हातून मेला थे कागदावर येऊ द्या."

पुंजाजीभाऊंची बोटं कीबोर्डावर थांबली. "नाई घालत."

"काहून?"

"मेल्याचं नाव लिहीन. जागा लिहीन, टाईम लिहीन. जवळ कोन बसलं होतं त्याचं नाव नाई लिहत."

"अहो, मशीन माही हाये!"

"हाव. मशीन तुमची हाये. ओळ माही हाये."

मी मधे पडायला हवं होतं, दोघांपैकी कुणाच्या तरी बाजूनं. मी खिशातला रुमाल काढून घाम पुसला. फाटक्या चपलेचाही इतिहास लिहिणारा माणूस एवढ्याशा नंबरासाठी अडून का बसला, ते मला समजलं नाही. हट्टी आहेत, एवढंच मनाशी म्हणालो. शेवटी शेठ "करा काय करता थे" म्हणून चहाला गेले आणि ओळ पुंजाजीभाऊंच्या मनासारखी लागली.

दुसऱ्याच दिवशी प्रोग्रॅम मेला. फाईल ठरल्या जागी, ठरल्या नावानं पडली. पुंजाजीभाऊंनी ती वाशीमला दुकानात मागवून घेतली आणि आम्ही दोघं शेजारी बसून उघडली.

मरायच्या क्षणी प्रोग्रॅमच्या डोक्यात एका शेतकऱ्याचं नाव होतं. नाव, वडलांचं नाव, आडनाव, त्यापुढे कंसात 'पाटील', मग 'मु. पो.'सकट गाव, मग तालुका. निर्मलाताईंनी सगळं लिहिलं होतं. आणि ते नाव आपल्या जागेत न मावता शेजारच्या वजनाच्या जागेत सांडलं होतं, वजनातून पुढे, पुढच्या ओळीत, जिथे सांडू नये तिथे. मी ती जागा फार पूर्वी इंग्रजी अक्षरांच्या हिशोबानं ठेवली होती. मराठी अक्षराला मशीनमध्ये इंग्रजीच्या तिप्पट जागा लागते. पावत्या मराठी करताना मी अक्षरं बदलली, छपाई बदलली आणि जागा वाढवायला विसरलो. भाच्यानं काढलेल्या पावत्याही मागवून पाहिल्या, तेव्हा त्याच्या हातून का मरत नव्हता तेही कळलं. तो प्रत्येकाचं नुसतं पहिलं नाव लिहायचा. 'गजानन, रिसोड.' मशीन खूश.

म्हणजे बाई बरोबर काम करत होत्या म्हणून प्रोग्रॅम मरत होता.

इथे एक कबूल करतो, कारण तेवढ्यासाठीच लिहायला बसलो आहे. त्या वेळी माझ्या मनात आलं ते हे: जागा वाढवून टाकू, शेठना सांगू की अपडेट केलं, आता मरणार नाही. आमच्या धंद्याची रीतच ही, दुरुस्त करायचं आणि बोलायचं नाही. शेठ खूश झाले असते. सोमवार मात्र तसाच आला असता. शेठनी एकदा बोललेलं मागे घेतलं नसतं, आणि गावभर झालं असतं की बाई गेली आणि मशीन सुधारलं.

पुंजाजीभाऊंनी सगळं पाहिलं होतं. प्रोग्रॅमची ओळ त्यांनाही वाचता येते. वाचून झालेल्या फायलीला ते शेवटी कारण जोडतात, तेवढ्यासाठी त्यांनी कीबोर्ड पुढे ओढला.

"कारन काय लिहू?"

मी म्हणालो, "लिहा. अय्युब."

"मानसाचं नाव नाई लिहत मी. सांगतलं ना. कारन सांगा."

"जागा कमी पडली."

"हाव," ते म्हणाले. एका बोटानं टाइप करत त्यांनी वाचून दाखवलं, "जागा... कमी... पडली. झालं. यवढंच होतं."

काय सांगू, एवढंच होतं हे मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. छातीवरून सोयाबीनचा कट्टा उतरवावा तसं झालं. मी म्हणालो, "चला रिसोडला." ते म्हणाले, "फोनवर बी सांगता येते." मी म्हणालो, "नाही. बाईंसमोर सांगायचं."

शेठ, भाचा, दोन हमाल आणि काचेमागे निर्मलाताई. मी उभ्यानंच बोललो. चूक माझी, प्रोग्रॅमची जागा मी वाढवली नाही, बाईंनी काहीही वंगाळ दाबलं नाही. आवाज इतका मोठा निघाला की रांगेतला एक गाडीवानही आत डोकावला.

शेठनी दोनदा विचारलं. "म्हनजे ही बाई पूर्ण नाव लिहत होती म्हनून मशीन मरे?"

"हो."

"अन् माहा भाचा?"

"त्यांनी पूर्ण नाव कधी लिहिलंच नाही."

शेठनी भाच्याकडे पाहिलं. भाचा सोयाबीनकडे पाहू लागला. हमालांपैकी एकजण म्हणाला, "तरीच! माह्या वावरातल्या सोयाबीनच्या पावतीवर नुसतं 'शेख' लिहून देल्लं होतं यानं. बँकवाला म्हने, कोनता शेख?"

निर्मलाताईंनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला आणि माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहायच्या तयारीत होतो.

"अय्युबभाई," त्या म्हणाल्या, "तुमच्या प्रोग्रॅमात मानसाले बापाचं नाव ठेवाची बी जागा नाई काय?"

"आता आहे, ताई. आजोबांचंही मावेल."

"मंग सासऱ्याचं बी ठेवा. आमच्याकडं त्याच्याबिगर मानूस ओळखू येत नाई." आणि त्या हसल्या. हमाल हसले, शेठही नाइलाजानं हसले आणि म्हणाले, "बाई, सोमवारचं जाऊ द्या. अन् याले बी जरा पूर्न नाव लिवाले शिकवा." काट्यावर गाडी चढलेलीच होती. निर्मलाताई काचेमागे वळल्या आणि गाडीवानाला ओरडून विचारलं, "नाव सांगा भाऊ, अख्खं सांगा!"

परत येताना पुंजाजीभाऊ मागे बसून गुणगुणत होते. ऊन उतरलं होतं. त्यांच्या घरापाशी गाडी थांबवली. भाऊ-भावजया मळ्यात होते, ओसरीत कुणी नव्हतं. मी निघणार तेवढ्यात विचारलंच, "तो नंबर का नाही घातला तुम्ही? शेठचा आग्रह होता, मला वाटलं हट्ट करताय."

ते ओट्यावर बसले. पायातली चप्पल काढून नीट जोडून ठेवली.

"मायच्या टायमाले मीच जवळ होतो," ते म्हणाले. "सारे बाजारात गेले होते. तिनं चहा मांगतला. मी करून देल्ला. अर्धा पेली अन् मान टाकली. डॉक्टरनं सांगतलं, हार्टचं होतं. असंल. पन घरात अजून बी तिची गोठ निंगाली की सारे तसंच सांगतात. पुंजाजीच्या हातचा चहा पेली अन् गेली." त्यांनी चप्पल पुन्हा सरळ केली. "वाईट कोनी बोलत नाई हो. भाऊ चांगले हायेत. सांगाची रीत हाये थे. पन नाव लागते."

मी गाडीची किल्ली काढून ओट्यावर त्यांच्या शेजारी बसलो.

"तवापासून कोनाले चहा करून देल्ला नाई मी," ते म्हणाले. "कोनी मांगत बी नाई. आपन टपरीवरून आनतो." आणि मग, इकडेतिकडे पाहत, जणू तिसऱ्याच कुणाला विचारावं तसं, "घेता काय? नाई म्हनलं तरी चालते."

"घेतो ना."

ते आत गेले. भांड्यांचा आवाज गरजेपेक्षा बराच जास्त वेळ येत राहिला. मग दोन कप घेऊन आले, एक माझ्या हातात दिला आणि दुसरा खाली ठेवून समोर बसले. स्वतःचा त्यांनी उचललाच नाही. माझ्या कपाकडे पाहत राहिले. अर्ध्यावर आलो तेव्हा त्यांनी श्वास धरलेला मला दिसला.

मी पुढचा अर्धाही प्यायलो. बशीत सांडलेलं होतं तेही प्यायलो, आणि कप पुढे केला.

"आणखी आहे का?"

"हाये ना!" ते इतक्या घाईनं उठले की त्यांचाच कप लवंडला. "हाये. लय हाये. बसा तुमी, बसा."

खोटं कशाला लिहू, साखर फार होती. दोन कप प्यायलो.